खळ कमी पडली की

मे महिन्यात सोलापुरात मेणाचा ठोकळा कापायचा तर आधी बर्फ लागतो. पारा ४३ वर गेला की पॅराफिन मऊ पडतं, काप काढायच्या यंत्राच्या, म्हणजे मायक्रोटोमच्या, पात्यावरून त्याची सरळ रिबन सुटत नाही, चुरगळते. म्हणून उन्हाळाभर आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये पसरट ट्रेत बर्फ करून ठेवलेला असतो. त्यावर ठोकळे पालथे घालायचे, दहा मिनिटांनी एकेक उचलायचा आणि तो पुन्हा मऊ पडायच्या आत पाच-सहा काप काढून घ्यायचे. हे काम आमची टेक्निशियन ताई माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करते. तरी मेणात किडनीचा तुकडा बसवलेला असला की मी शेजारी उभी राहते. सुईनं काढलेला तो तुकडा शेवईएवढा जाड, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब. वाया गेला तर त्या माणसाला पुन्हा पालथं झोपवून पाठीत सुई घालावी लागते.

त्या दिवशीच्या तुकड्याबरोबर आलेल्या कागदावर मोजकंच लिहिलं होतं. पुरुष, वय ४४, यंत्रमाग कामगार. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडली हे सांगणारा रक्तातला आकडा, ७.२, चार महिन्यांपूर्वी १.१. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या नेहमीच्या आकाराच्या, कुठे अडथळा नाही, सूज नाही, उजवीकडे ३ मिलिमीटरचा एक खडा. मध्यंतरी पाठदुखीसाठी पेनकिलर घेतल्या आहेत. औषधामुळे झालेला इंटरस्टिशियल नेफ्रायटिस, म्हणजे औषधाच्या ॲलर्जीनं नलिकांमधल्या भागात होणारा दाह, असावा का, असा प्रश्न. तुकड्याचा दुसरा भाग इम्युनोफ्लुरोसन्स नावाच्या वेगळ्या तपासणीसाठी रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेला होता, त्याचा रिपोर्ट यायला वेळ होता. सकाळीच नेफ्रॉलॉजिस्टचा फोन आला. "मॅडम, दुपारपर्यंत काहीतरी सांगा. स्टेरॉइड सुरू करायचं का नाही, तुमच्यावर अडलंय."

त्यांचा प्रश्न रास्त होता. ३ मिलिमीटरच्या खड्यानं कुणाची किडनी बंद पडत नाही. आणि पेनकिलरनं बिघडलेल्या किडन्या आम्ही इथे नेहमी बघतो.

साडेअकराच्या सुमारास स्लाइड हातात आली. आधी गाळण्या बघितल्या, म्हणजे ग्लोमेरुलस. अठरा मोजल्या, सगळ्या शाबूत. रक्तवाहिन्या वयाच्या मानानं चांगल्या. बिघाड नलिकांत होता. नलिकेच्या आतल्या भिंतीवर पेशींची एक ओळ असते, फरशी बसवावी तशी एकाला एक लागून. इथे त्या पेशी चपट्या झाल्या होत्या. काही ठिकाणी गळून पडल्या होत्या आणि खालचा पडदा उघडा पडला होता. औषधाची ॲलर्जी असती तर मधल्या भागात इओसिनोफिल आणि लिम्फोसाइट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, दाटीनं दिसले असते. तसे ते नव्हते. थोडेफार होते, पण एवढ्यावरून स्टेरॉइड द्या असं मी म्हटलं नसतं.

मग एका नलिकेच्या पोकळीत काहीतरी असल्याचा भास झाला. भास म्हणते कारण त्याला रंगच नव्हता. पाण्यात विरघळणारी साखर कशी असूनही नसल्यासारखी दिसते, तसं. फोकस जरा वरखाली केला की कडा चमकायची, पुन्हा नाहीशी व्हायची. बहुतेक मुतखडे ज्याचे असतात ते कॅल्शियम ऑक्झलेट आपल्या नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगत नाही. घाईत असलेल्या माणसाच्या नजरेखालून ते सहज निसटतं.

माझ्याकडे पोलरायझिंग मायक्रोस्कोप नाही. माझ्याकडे आहेत पोलरॉइड गॉगलच्या काचेचे दोन गोल तुकडे, बारा वर्षांपूर्वी कापून घासून ठेवलेले. एक खाली दिव्यावर ठेवायचा, एक वर आयपीसपाशी, आणि खालचा बोटानं हळूहळू फिरवायचा. एका ठिकाणी येऊन सगळं अंधारतं. पेशी, रंग, सगळं जातं. अंधारात उरतं ते फक्त प्रकाश वळवणारं.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी ते बघितलेलं आहे. स्लाइडवर तसंच होतं. पंख्यासारखे पसरलेले, फुलासारखे उमललेले, पांढरे, पिवळसर, निळसर स्फटिक. एका फील्डमध्ये सहा-सात. स्लाइड सरकवली, पुन्हा तितकेच. ताईला हाक मारली. तिनं डोळा लावला आणि काही न बोलता बराच वेळ तशीच उभी राहिली.

एखाददुसरा असता तर मी त्याला महत्त्व दिलं नसतं. किडनी कुठल्याही कारणानं बंद पडली तरी तुरळक ऑक्झलेट नलिकांत साचलेलं दिसतं. इथे ते जागोजागी होतं. पोलरॉइड काढून, लावून, पुन्हा काढून मी एकेक जागा बघत गेले. स्फटिक पोकळीच्या मधोमध तरंगत नव्हते. ते भिंतीला लागून होते, आणि जिथे भिंत जखमी होती नेमके तिथे. एका ठिकाणी पेशीनं आपली कड स्फटिकावर पांघरली होती, जणू त्याला आत ओढून घेत होती. दुसरीकडे एक स्फटिक भिंत ओलांडून बाहेरच्या बाजूला जाऊन पडला होता आणि त्याच्याभोवती अनेक केंद्रकांची एक मोठी पेशी कडं करून बसली होती.

ही पांघरलेली पेशी मी वाचली होती. प्रत्यक्ष इतकी स्पष्ट कधी बघितली नव्हती.

एमडी करताना माझा प्रबंध मुतखड्यावर होता. पहिल्याच दिवशी आमच्या सरांनी विचारलं होतं, "खडा कुणाला होतो?" मी म्हटलं, ज्याच्या लघवीत स्फटिक होतात त्याला. ते म्हणाले, "उद्या सकाळी तुम्ही सगळ्यांनी स्वतःचे नमुने बघा." आम्ही आठ जण होतो. चौघांच्या ताज्या नमुन्यात ऑक्झलेट होतं, त्यात मीही. आज वीस वर्षं झाली, आम्हा चौघांपैकी एकालाही खडा झालेला नाही. सरांना तेच दाखवायचं होतं. लघवी हे मुळातच क्षारांनी ओतप्रोत भरलेलं पाणी. त्यात स्फटिक होणं फार मोठी गोष्ट नाही. ते जात का नाहीत, राहतात का, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न जुना आहे. किडनीच्या गाळण्यांतून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गळतं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत घेतलं जातं. गाळणीपासून नलिकेच्या टोकापर्यंतचा प्रवास काही मिनिटांचा. १९७८ मध्ये फिनलेसन आणि रीड यांनी हिशेब मांडला की एवढ्या वेळात एक सुटा स्फटिक नळी अडवण्याइतका मोठा होऊच शकत नाही. म्हणजे खडा व्हायचा तर स्फटिकाला कुठेतरी धरून बसायला जागा मिळाली पाहिजे. पुढे १९९४ मध्ये कोक आणि खान यांनी पुन्हा आकडेमोड केली आणि दाखवलं की अनेक स्फटिकांचा घोळका झाला तर तो अडकू शकतो. पण घोळका होण्याआधी, किंवा झाल्यावरही, धरून ठेवणारं कुणीतरी लागतंच.

त्याही आधी, १९३७ मध्ये, अलेक्झांडर रँडल या अमेरिकन सर्जननं हजाराहून अधिक किडन्या उघडून बघितल्या होत्या. जवळपास पाचातल्या एकीत किडनीच्या आतल्या टोकावर पांढरट चट्टे होते आणि काहींवर खडा वाढत होता, फांदीला फळ धरावं तसा. ते चट्टे कॅल्शियम फॉस्फेटचे. त्यांची सुरुवात नलिकेच्या ‘हेनलेचं वळण’ नावाच्या भागातल्या बारीक नळीच्या तळपडद्यात होते, हे २००३ मध्ये इव्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. साध्या ऑक्झलेट खड्याचा तो एक रस्ता. माझ्या स्लाइडवर दुसरा होता, नलिकेच्या आतला.

या आतल्या रस्त्याविषयी मला सर्वांत भावलेलं काम म्हणजे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरचं. शिकागोत लीस्की आणि टोबॅक यांनी माकडाच्या किडनीच्या पेशींवर ऑक्झलेटचे स्फटिक टाकले. ते काही सेकंदांत चिकटले, आणि नंतर पेशींनी त्यांना गिळून आत घेतलं. रॉटरडॅमला फर्कूलन आणि मंडळींनी कुत्र्याच्या किडनीच्या पेशींची सलग चादर वाढवली. चादर पूर्ण विणली गेलेली, निरोगी असली की स्फटिक तिच्यावरून धुऊन निघून जात. मग त्यांनी त्या चादरीला ओरखडा काढला. आता स्फटिक बरोबर ओरखड्याच्या काठाला जाऊन बसले, जिथे पेशी जखम भरायला सरकत आणि वाढत होत्या. जखम भरली, आणि चिकटणंही थांबलं.

याचं कारण रेण्वीय पातळीवर बरंच उलगडलं आहे. निरोगी पेशीच्या पोकळीकडच्या अंगावर स्फटिकाला पकडता येईल असं फारसं काही नसतं. जखमी पेशी, किंवा जखम भरून काढणारी कोवळी पेशी, मात्र अंगावर हायल्युरोनिक ॲसिड आणते. आज चेहऱ्याच्या क्रीमच्या जाहिरातीत ज्याचं नाव ऐकू येतं तेच. शिवाय सीडी-४४, ऑस्टिओपॉन्टिन ही प्रथिनं, आणि एरवी पेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूला असणारं फॉस्फॅटिडिलसेरीन, तेही उलटून बाहेर येतं. या सगळ्यांवर ऋण भार. ऑक्झलेटचे स्फटिक मुख्यतः दोन प्रकारचे, मोनोहायड्रेट आणि डायहायड्रेट; त्यातल्या मोनोहायड्रेटच्या अंगावर कॅल्शियमचा धन भार. एकदा धरलं की स्फटिक स्वतः पेशीला त्रास देतो, पेशीत ऑक्सिजनचे जहाल रेणू तयार होतात, दाह सुरू होतो, शेजारची पेशी जखमी होते, आणि ती पुढचा स्फटिक धरते. हा दाह पेटवणारी एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा २०१३ मध्ये उंदरांत दाखवली गेली. स्टेरॉइडनं औषधाची ॲलर्जी निवळते. ऑक्झलेटचं येणं काही त्यानं थांबत नाही.

मी फोन लावला. "स्टेरॉइड थांबवा. ऑक्झलेट आहे, भरपूर आहे. पेशंटशी मला बोलायचंय."

"या की. पण विचारून बघितलंय, काही घेतलेलं नाही म्हणतात."

दुपारी तीनला सात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रिक्षावालासुद्धा ओला टॉवेल डोक्याला गुंडाळून झाडाखाली झोपलेला. त्याला उठवून निघाले. पॅथॉलॉजिस्ट सहसा वॉर्डात जात नाहीत. आमची माणसं आम्हाला तुकड्यांतूनच भेटतात. पण हा स्फटिक कुठून आला, हे स्लाइड सांगणार नव्हती.

ते पलंगावर टेकून बसले होते. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. मानेत डायलिसिसची नळी नुकतीच बसवलेली. पायथ्याशी बायको. पूर्व भागातलं पद्मशाली घर, आपसात तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. बाई विड्या वळणाऱ्या. रिकाम्या हाताची बोटंसुद्धा पदराच्या कडेवर आपोआप वळत होती.

"मालक, तुमच्या किडनीचा तुकडा मी तपासला. थोडं विचारू का?"

"विचारा की म्याडम. सगळेच विचारूलालेत."

"काय काय औषधं घेतली दोन-तीन महिन्यांत?"

"पाठीच्या गोळ्या. मग जुलाब लागले चार दिवस, तवा बी त्याच चालू होत्या. बाकी काय नाही."

"काढा, पावडर, झाडपाला?"

"कुळथाचं कढण पीत होतो. गेल्या वर्षी खडा पडला ना, तवापासून."

"व्हिटॅमिन सीच्या गोळ्या? चघळायच्या?"

"नाही."

"दूध, दही, ताक?"

"बंद केलंय सगळं. खडा चुन्याचा असतोय म्हणले. पानातला चुना बी सोडलाय."

माझ्या मनात काहीतरी हललं. मी बाईंकडे वळले. "मग सकाळी उठून काय घेतात? चहा?"

"चहा बी नाही. रस देते की मी. पालकाचा. मिक्सरमधनं काढून. पाडव्यापासून रोज देऊलाले, एक दिवस चुकवलं नाही."

"किती पालक?"

"दोन जुड्या."

नेफ्रॉलॉजिस्टनं माझ्याकडे बघितलं. त्यांनी औषधं विचारली होती, आणि घरच्यांच्या लेखी पालक हे औषध नव्हतं, भाजी होती. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

१०० ग्रॅम कच्च्या पालकात साधारण ६०० ते १००० मिलिग्रॅम ऑक्झलेट असतं. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला ४०-४५ मिलिग्रॅमपर्यंत बाहेर पडतं. खाल्लेलं सगळं रक्तात जात नाही, कारण आतड्यात कॅल्शियम भेटलं की त्याच्याशी जोडी जमवून ते शौचावाटे निघून जातं. आपल्या घरांत पालकाची ताकातली पातळभाजी करतात. आधी शिजवलेला पालक, मग डाळ, दाणे, वरून ताक. माझ्या आजीला ऑक्झलेट हा शब्द ठाऊक नव्हता, पण तिच्या पातेल्यात कॅल्शियम होतं. या घरात नेमकं ताक बंद झालं होतं आणि पालक कच्चा, एकटा, रिकाम्या पोटी जात होता. खडा होऊ नये म्हणून दूध तोडायचं, हा सल्ला मी आजही आठवड्यातून एकदा तरी ऐकते. जेवणातलं कॅल्शियम जास्त असलेल्यांना खडे कमी होतात, हे १९९३ मध्येच हजारो माणसांच्या पाहणीतून पुढे आलं आहे. तरी तो सल्ला मरत नाही.

मी हे सगळं शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. बाई ऐकत होत्या. मग त्यांची बोटं थांबली.

"म्हंजे मीच केलं का हे?"

वॉर्डात पंखा चालू होता तेवढाच आवाज. अशा वेळी सवयीनं ‘नाही हो, तसं काही नाही’ म्हणून जाणं सोपं असतं. पण रस तर त्यांनीच दिला होता, आणि त्यांना ते कळलेलं होतं. खोटा धीर त्यांनी घेतला नसता.

म्हणून मी जे दिसलं ते सांगितलं. तुमच्या गल्लीत असा रस पिणारी आणखी माणसं असतील. सगळ्यांची किडनी बंद पडत नाही. असे खडे, म्हणजे खड्याचे कण, आपल्या सगळ्यांच्या लघवीतून जातात, माझ्याही. निरोगी नळी त्यांना धरत नाही. यांना चार दिवस जुलाब झाले, अंगातलं पाणी गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये बारा तास उभं राहणं, घाम. त्यात पेनकिलर, ती किडनीचा रक्तपुरवठा कमी करते. नळ्यांच्या आतलं अस्तर सोललं गेलं. त्याच दिवसांत रस चालू. सोललेल्या जागी कण बसले. एकटा रस असता तर कदाचित निभावलं असतं, एकटे जुलाब असते तरी. दोन्ही एकदम आले.

बाईंना किती पोचलं मला सांगता येणार नाही. पण मालक इतका वेळ छताकडे बघत होते ते माझ्याकडे वळले.

"खळ कमी पडली म्हणा की."

मला कळलं नाही. त्यांनी हातानं हवेत उभं सूत ओढून दाखवलं.

"ताण्याच्या सुताला खळ देतेत ना म्याडम. सायझिंग. खळ बरोबर असली की सूत गुळगुळीत. शेडमधी तूस तर दिवसभर उडतंय, नाकातोंडात जातंय, सगळ्या सुतावर पडतंय, पण बसत नाही. उडून जातंय. खळ कमी पडली की सूत फणीत घासतंय, त्याला केसं सुटतेत. मग तिथं तूस धरतंय. धरलं की गाठ. गाठ फणीत अडकली की तुटलाच धागा." दम लागल्यानं ते थांबले. "तूस तर रोजचंच आहे. दोष खळीचा."

मग ते बायकोशी तेलुगूत काहीतरी बोलले. दोनच वाक्यं. बाईंनी पदर डोळ्याला लावला, पण मान हलवली.

मी वीस वर्षं हा विषय विद्यार्थ्यांना शिकवत आले आहे. फिनलेसन सांगते, रॉटरडॅमचा ओरखडा सांगते. इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं. आणि ती उपमा त्यांना वाटली त्याहून खरी आहे, कारण शरीरात खळ दोन्हीकडे असते. पेशीच्या अंगावर तर असतेच, पण स्फटिकालाही असते. लघवीत यूरोमोड्युलिन नावाचं प्रथिन असतं, १९५० मध्ये टॅम आणि हॉर्सफॉल यांनी वेगळं काढलेलं, निरोगी लघवीत सगळ्यांत जास्त असणारं. ते, सायट्रेट, विरघळलेलं ऑस्टिओपॉन्टिन, ही सगळी स्फटिकाच्या अंगावर बसतात आणि त्याच्या धरायच्या जागा बुजवून टाकतात. ऑस्टिओपॉन्टिनची गंमत अशी की ते लघवीत सुटं असलं तर स्फटिकाला रोखतं आणि पेशीला लागून असलं तर धरतं. लिंबू-सरबत घ्या असं आम्ही सांगतो ते या सायट्रेटसाठी. भरपूर पाणी प्या म्हणतो ते स्फटिक व्हायलाच नकोत म्हणून, दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी इतकं. बारा तास मागावर उभ्या असलेल्या माणसानं, ज्याच्या गल्लीत नळाला दिवसाआड नव्हे, चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्यानं ते कसं करायचं, हे आम्ही सांगत नाही. ते त्याच्यावर सोडतो. मला हे फार खटकतं.

निघण्याआधी त्यांची फाईल चाळली. जुने रिपोर्ट तारखेनं लावलेले होते, बाईंनीच लावलेले असावेत. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातला एक लघवीचा रिपोर्ट आमच्याच लॅबचा निघाला. पाठ दुखते म्हणून कुणीतरी सांगितला असणार. त्यावर छापलं होतं: कॅल्शियम ऑक्झलेट स्फटिक, दोन अधिक. खाली माझी सही.

रस सुरू होऊन तेव्हा महिना होत आला होता. जुलाब व्हायचे होते. ते स्फटिक मोनोहायड्रेट होते की डायहायड्रेट, डंबेलसारखे होते की पाकिटासारखे, कुठेही नोंद नाही, कारण आमच्या रिपोर्टात तो रकानाच नव्हता. दोन्ही ऑक्झलेटच, पण मोनोहायड्रेट पेशीला कितीतरी घट्ट धरतो. लघवीत ऑक्झलेट जास्त झालं की तोच जास्त दिसतो. मी शिकवते हे. आणि त्या दिवशी दिवसभरातल्या साठ-सत्तर रिपोर्टांपैकी एक म्हणून मी त्यावर सही केली. एक फोन करून ‘मालक, काय खाताय सध्या’ एवढं विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं की नाही, ठाऊक नाही. विचारलं नाही, हे मात्र ठाऊक आहे. मी तो कागद नेफ्रॉलॉजिस्टना दाखवला, बाईंनाही दाखवला आणि काय राहून गेलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमी तरी काय करणार म्याडम, रोज एवढी माणसं." त्यांनी असं म्हणणं मला रागावण्यापेक्षा जड गेलं.

पुढचं सगळं डॉक्टरांच्या हातात होतं आणि त्यांनी ते नीट केलं. पाच वेळा डायलिसिस लागलं. रस आणि पेनकिलर बंद, जेवणाबरोबर कॅल्शियम, ताक परत सुरू. आनुवंशिक हायपरऑक्झल्युरियासाठी, म्हणजे शरीर स्वतःच जास्त ऑक्झलेट तयार करतं त्या आजारासाठी, रक्त पाठवलं होतं, त्यात काही निघालं नाही. जूनच्या मध्यावर लघवी वाढली, डायलिसिसची नळी निघाली. किडनी पूर्ण परत आली नाही. दसऱ्याच्या सुमाराला क्रिएटिनिन २.१ वर थांबलं होतं. मालक आता मागावर नाहीत, त्याच कारखान्यात घडी आणि पॅकिंगला बसतात. पगार कमी झाला आहे.

त्या आठवड्यात आम्ही रिपोर्टाचा नमुना बदलला. स्फटिकांपुढे आता आकार लिहायचा रकाना आहे, आणि मोनोहायड्रेट भरपूर दिसला तर पेशंटला फोन करायचा हे ताईनं भिंतीवर लिहून चिकटवलं आहे. तिचं अक्षर मोठं आहे, दारातून दिसतं.

दसऱ्यानंतर ते स्वतः नमुना घेऊन आले. लघवी ताजी, अजून कोमट. मी सेंट्रिफ्यूज करून थेंब काचेवर घेतला, कव्हरस्लिप ठेवली. पेशी जवळपास नाहीत. एका कोपऱ्यात तीन-चार डायहायड्रेट, पोस्टाच्या पाकिटाच्या मागच्या बाजूसारखे, चौकोन आणि त्यात फुली. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि बघायला सांगितलं. त्यांना आधी स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग डोकं जरा मागे घेतलं, श्वास रोखला.

"दिसले का?"

"दिसले. चांदीच्या टिकल्यांगत." बराच वेळ ते तसेच राहिले. काचेखालचं पाणी हळूहळू एका बाजूला सरकत होतं. "हलूलालेत की म्याडम."